उजव्या दंडावरचा एडका

आमच्या घरात देवांची तोंडं पूर्वेला आहेत आणि एडक्यांची दाराकडे. देवांचं मला सासूबाईंनी सांगितलं, एडक्यांचं नवऱ्यानं. टीव्हीच्या कव्हरवर एडका, भिंतीवरच्या चौकटीत एडका, सोफ्याच्या उशीवर एडका, आणि झाडून सगळे दाराकडे बघताहेत. का, तर शत्रू आला तर दारातूनच येणार. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या तीन खोल्यांवर आजवर दूधवाला, केबलवाला आणि माझ्या दोन नणंदा यांच्याखेरीज कुणी चाल करून आलेलं नाही. पण एकदा झाडताना मी ती उशी समोरच्या खुर्चीवर ठेवली आणि एडक्याचं तोंड स्वयंपाकघराकडे झालं, तर हे जेवायला उठेनात. "आत काय शत्रू हाय का?" म्हणून मलाच विचारलं. मी म्हटलं, असंच वागलात तर होईल.

हे म्हणजे अंगदराव, बालाघाट पलटणीचे निवृत्त हवालदार. मी रत्नमाला, त्यांची बायको. आम्ही मूळचे मेंढरंवाले. माझं माहेर वेरूळच्या डोंगराकडचं, ह्यांचं गाव गंगापूर तालुक्यातलं, आणि दोन्हीकडच्या पिढ्या मेंढरांमागं चालण्यात गेल्या. मेंढरांपासून सुटका व्हावी म्हणून हे मिसरूड फुटताच फौजेत गेले, आणि तिथं टोपीवर लावायला काय मिळालं, तर पितळेचा एडका. माझे सासरे मल्हारीबुवा ही गोष्ट सांगून मरेपर्यंत हसत होते.

त्या चिन्हाचा अर्थ ह्यांनी मला लग्नानंतर पहिल्यांदा सिनेमाला नेलं तेव्हा मध्यंतरात समजावून सांगितला. शिंगाला अडीच वेढे आहेत. एक वेढा देशाचा, एक पलटणीचा. उरलेला अर्धा कुणाचा म्हणून विचारलं, तर बायकामुलांचा. वर तीन चांदण्या, म्हणजे भूक, तहान आणि झोप, ज्या शिपायाला लांबूनच बघायच्या असतात. मागं दोन आडवे भाले. पुढचा एक पाय उचललेला, म्हणजे एडका निघालाय, थांबलेला नाही. खाली पट्टीवर बोधवाक्य: 'मागे पाय नाही'. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की दंडावर चिन्ह लावलं तर एडक्याचं तोंड माणसाच्या पुढच्या बाजूला हवं. माणूस चालला की एडका चाल करून जातोय असं दिसलं पाहिजे. तोंड मागं झालं तर पलटण पाठ दाखवून पळतेय असा अर्थ होतो.

सासूबाईंना, म्हणजे आक्काबाईंना, यातलं काही पटत नाही. त्यांनी हयातभर मेंढरं राखली आहेत. त्यांच्या मते तो एडका निघालेला वगैरे नाही. "लंगडतंय ते. खुरकूत झालीया त्याला. आन् ह्या मागं लोकर इणायच्या सुया काहून खोचल्यात?" असं त्या पाहुण्यांसमोर म्हणतात. मग आमच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नाही.

पुढं पलटणच मोडली. सरकारनं दोन पलटणी एकत्र केल्या आणि ह्यांच्या टोपीवर गरुड आला. त्या गरुडाविषयी उरलेल्या सगळ्या नोकरीत मी घरात एक अक्षर ऐकलं नाही. एडक्याचा झेंडा शेवटच्या परेडला कर्नल इंद्रजीत साहेबांनी स्वतः गुंडाळला. ही हकीकत सांगताना ह्यांचा आवाज दरवेळी त्याच जागी बसतो आणि मी दरवेळी गॅसकडे बघते. ह्यांचं म्हणणं, आता एडका फक्त म्हाताऱ्यांच्या कोटांवर उरलाय. एकेक म्हातारा जाईल तसा एकेक एडका जाईल, आणि मग दंडावर एडका घेऊन चालणारं माणूस जगात दिसायचं नाही. अशा वेळी मला त्यांची खरंच दया येते. मग ते उशी सरळ करायला उठतात आणि दया जाते.

तर अशा घरात प्रेरणाचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक, वाळूजच्या कंपनीत नोकरीला. नवरदेव अभय, वैजापूरकडचा, स्वभावानं गरीब. त्याच्या मामांनी मात्र कसर भरून काढली होती. धोंडिबामामा रुसायलाच जन्माला आले होते. साखरपुड्यात त्यांच्या ताटात जिलबी उशिरा पडली म्हणून ते पंगतीतून उठून रिक्षात जाऊन बसले होते. गंगापूर रस्त्यावरचं कार्यालय आम्हाला दुपारपुरतंच मिळालं होतं, संध्याकाळी तिथं दुसऱ्यांचं लग्न. गुरुजींनीही बजावलं होतं की दुपारचा मुहूर्त टळला तर त्या दिवशी दुसरा नाही. म्हणजे लग्न वेळेवर लागलं तर लागलं, नाहीतर धोंडिबामामा वऱ्हाड घेऊन वैजापूरला परत. मला महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं.

ह्यांना मात्र दुसरंच सुचत होतं. कर्नलसाहेबांनी लग्नाला येतो म्हणून कळवलं होतं. पलटण मोडल्यापासून दोघांची भेट नव्हती. हे आरशासमोर सलाम करायला लागले. "साहेब लई कडक," मला सांगायचे. "एक बटण ढिलं दिसलं तर अख्खी पलटण पळवायचे. त्येंच्यासमोर पलटणीची इज्जत गेली तर मी लेकीच्या लग्नात तोंड कुठं लपवू?" मी म्हटलं, पलटण कुठंय इज्जत जायला? तर कोटाला इस्त्री करत राहिले.

बँड आमच्याच गल्लीतल्या बन्सीचा ठरवला होता. बन्सी क्लॅरिनेट बरी वाजवतो आणि बोलतो त्याहून बरा. लग्नाच्या आठवडाभर आधी तो घरी येऊन भिंतीवरच्या चौकटीचा मोबाईलवर फोटो काढून गेला. त्या चौकटीत ह्यांच्या जुन्या वर्दीची डावी बाही आहे, एडक्यासकट. "भाभी, साहेबांना सांगू नका, सरप्राइज है," म्हणाला. मला वाटलं, केकवर काढणार असेल.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाबाहेर बँडचा टेम्पो थांबला आणि आतून बँडवाले उतरले. नवे कोरे लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, आणि प्रत्येकाच्या उजव्या दंडावर, मशीनवर भरलेला, सोनेरी एडका. शिंगाला अडीच वेढे. वर तीन चांदण्या. खाली 'मागे पाय नाही'. बन्सीनं सगळ्यांना ओळीत उभं केलं, क्लॅरिनेट काखेत मारली आणि सलाम ठोकला.

"साहेब, बेटी की शादी है तुमची. म्हटलं, बँड पण तुमच्याच पलटणीचा पायजे!"

मला वाटलं, आता हे बन्सीला चोपतात. बँडवाल्यांनी पलटणीचं चिन्ह घालायचं म्हणजे काय! पण हे नुसते उभे राहिले. डोळे भरून आले. इतके एडके एका ओळीत त्यांनी किती वर्षांनी बघितले असतील कोण जाणे. मग छाती पुढं काढून ते ओळीवरून चालायला लागले, एकेकाचं बटण बघत, एकेकाची कॉलर सरळ करत. ताशावाल्यापाशी आले, ढोलवाल्यापाशी आले. ढोलवाल्याला म्हणाले, "चल बरं पुढं." तो दोन पावलं चालला. ह्यांचा चेहरा उतरला.

"पळतोय," हे म्हणाले.

"कोण पळतोय?" मी विचारलं.

"एडका. रत्ना, एडका पळतोय."

बघितलं तर खरंच. ढोलवाला पुढं निघाला होता आणि त्याच्या दंडावरचा एडका तोंड मागं करून उलट्या दिशेला. सगळ्यांचंच तसं. चौकटीतली बाही डावी होती, तिच्यावर एडक्याचं तोंड पुढं येतं. तेच चित्र जसंच्या तसं उजव्या दंडावर भरलं की तोंड मागं जातं.

"आरं, डाव्या दंडावर काहून नाय भरलं?" हे ओरडले.

"डाव्यावर मोबाईल नंबर है ना, साहेब," बन्सी म्हणाला. खरंच होता, ठळक, दुरून वाचता येईल असा. "नंबर नाय दिसला तर पुढच्या लग्नाचं गिऱ्हाईक कसं येणार?"

हे पायरीवर बसले. "कर्नलसाहेब येतील आन् बघतील, बालाघाट पलटण पळत पळत माझ्या मांडवात येतीय. हे नाय व्हायचं. बँड आत यायचा नाय."

"अवो, नवरदेव मारुतीच्या देवळात तयार व्हायलाय," मी म्हटलं. "घोडं आलं. बँडबिगर मिरवणूक निघाली तर धोंडिबामामा काय म्हणतील?"

"म्हणू दे."

आता काय करायचं? बन्सीनं आधी सगळ्यांच्या दंडाला रुमाल बांधायला सांगितलं. तसं केल्यावर अख्ख्या बँडला एकदम इंजेक्शन दिल्यासारखं दिसायला लागलं. मग कृष्णा नावाच्या ट्रम्पेटवाल्याला सुचलं की कोट उलटा घालावा, पाठ पुढं आणि बटणं मागं. घालून बघितला. आणि काय सांगू, एडका बरोबर आला! उजवी बाही डाव्या हातात गेली, तोंड पुढं झालं. हे आनंदानं उठून उभे राहिले. पण कृष्णाच्या गळ्याला कॉलर अशी रुतली होती की त्यानं ट्रम्पेट तोंडाला लावल्यावर करडू ओरडल्यासारखा एकच आवाज आला आणि तो डोळे पांढरे करून खाली बसला. शिवाय पाठीवरची बटणं ज्याची त्याला लावता येईनात. बन्सी म्हणाला, सगळे गोल उभे राहिले तर एकमेकांची लावता येतील. पण असे गोल उभे राहून ते मिरवणुकीत चालणार कसे, हे त्याला सांगता येईना.

एवढ्यात आक्काबाई बाहेर आल्या. त्यांनी सकाळपासून सगळ्या मांडवाला कामाला लावलं होतं. लिंबाखाली पांढरा स्वेटर घातलेला एक वाळका, टकला म्हातारा एकटाच बसलेला दिसला, तर "ओ बाबा, रिकामं बसलाव, ह्या अक्षदा वाटा" म्हणून त्याच्या हातात टोपली दिली होती. नवरदेवाकडचा कुणीतरी असावा. तो बिचारा मुकाट उठून वाटत होता आणि लोक कसे कोण जाणे त्याच्यासमोर ओळीत उभे राहून घेत होते.

आक्काबाईंनी एडके बघितले, लेकाचं रडकं तोंड बघितलं.

"आंगदा, येड लागलं का तुला? एडका मागं सरल्याबिगर टक्कर देतो व्हय? चार पावलं मागं जातो आन् मग हाणतो. मागं सरलेल्या एडक्यापुढून शहाणं माणूस बाजूला व्हतं. लहानपणी तुझ्याच बरगडीत बसली व्हती की."

"आई, ते मेंढरातलं झालं. पलटणीचा एडका मागं सरत नसतो. खाली लिव्हलंय बघ, मागे पाय नाही."

"ज्यानं लिव्हलं त्यानं जल्मात एडका पाळला नसंल."

"पलटणीला नाव ठिऊ नकू!"

मायलेकांचं असं जुंपलेलं असताना देवळाकडून निरोप आला. धोंडिबामामा घोड्याच्या लगामाला हात घालून उभे होते. "इवायाला सांगा," त्यांनी कळवलं होतं, "बँड येत नसंल तर घोडं वैजापूरच्या रस्त्याला लावतो." पाठोपाठ गुरुजी घड्याळ दाखवून गेले. मग आतून प्रेरणा आली. शालू, मुंडावळ्या, हातभर मेंदी, आणि डोळ्यांतलं काजळ फिसकटायच्या बेतात.

"पप्पा," ती म्हणाली, "तुमच्या एडक्यांसाठी मी लहानपणापासून सगळं ऐकलं. माझ्या दप्तरावर एडका, माझ्या सायकलवर एडका. पोरी मला मेंढी म्हणायच्या, तरी मी कधी बोलले नाही. आज माझं लग्न आहे की त्याचं?"

ह्यांनी लेकीकडे बघितलं, मग बन्सीच्या दंडाकडे बघितलं, आणि त्यांना दोन्हीतलं एकही सोडवेना. इतका गरीब चेहरा मी त्या माणसाचा कधी पाहिला नव्हता. आणि मला असा संताप आला की काय सांगावं. ह्यांचा आला, एडक्याचा आला, सगळ्यात जास्त त्या मोबाईल नंबरचा आला.

"बन्सी!" मी ओरडले. "तुझी माणसं नवरदेवाकडं तोंड करून वाजवतात का नाय?"

"वाजवतात ना भाभी. नाचणाऱ्यांकडं बघून वाजवायला लागतं."

"मग आज सगळ्यांनी तसंच वाजवायचं. देवळापासून मांडवापर्यंत. नवरदेवाकडं तोंड, मांडवाकडं पाठ, आन् उलटं चालायचं. माणूस मागं चालला की मागं तोंड केलेला एडका कुठं जाईल?"

 बन्सीनं ढोलवाल्याला धरून उलटं चालवलं. ढोलवाला मागं मागं येत होता आणि त्याच्या दंडावरचा एडका, पाय उचलून, थेट मांडवावर चाल करून येत होता.

"पुढं आला!" हे ओरडले. मग लगेच चेहरा पडला. "पर रत्ना... हे माणसं मागं पाय टाकतेत. आन् खाली लिव्हलंय, मागे पाय नाही."

मी कपाळावर हात मारला. एडका सरळ ठेवावा तर बोधवाक्य मोडतंय, बोधवाक्य पाळावं तर एडका पळतोय. चिन्ह मोठं की वाक्य मोठं, यावर हे, बन्सी आणि एक वाजंत्री अशी तिघांची चर्चा सुरू झाली. वाजंत्री वाक्याच्या बाजूनं होता, कारण त्याला उलटं चालायचं नव्हतं. मला वाटायला लागलं की आपली लेक आता एडक्यांपायी बिनलग्नाची राहणार.

"हवालदार."

आवाज मोठा नव्हता. पण ह्यांचे पाय आपोआप जुळले. मागं तो अक्षता वाटणारा म्हातारा उभा होता, टोपली हातात धरून.

"सा... साहेब?" हे म्हणाले.

"सकाळपासून आलोय," कर्नलसाहेब म्हणाले. "एसटीनं. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, ती का सोडा? तुम्ही ओळखलं नाहीत. मग या बाईंनी काम दिलं." त्यांनी टोपली आक्काबाईंकडे दिली. "वाटून झाल्या. तीन जण दुसऱ्यांदा घ्यायला आले होते, परत पाठवले."

आक्काबाईंनी पदर तोंडाला लावला. हे सलामात होते ते सलामातच राहिले. साठी-सत्तरीच्या माणसांनी भरलेल्या त्या मांडवात त्यांना उंच, मिशाळ साहेब शोधायचा होता, आणि साहेब कानात यंत्र घालून लिंबाखाली बसला होता.

साहेब बँडपाशी गेले.  त्यांनी पहिल्या माणसाच्या दंडावर बोट ठेवलं, मग दुसऱ्याच्या. सावकाश, ओळीच्या शेवटपर्यंत गेले. कृष्णा अजून उलट्या कोटातच होता, त्याची कॉलर त्यांनी जरा सैल केली. मग परत येऊन ह्यांच्यासमोर उभे राहिले.

"झेंडा मी गुंडाळला," ते म्हणाले. "या हातांनी. वाटलं होतं, ओळीत उभे राहिलेले एडके आता पुन्हा दिसायचे नाहीत."

"साहेब, तोंड मागं झालंय," हे कसेबसे म्हणाले. "पळाल्यागत दिसतंय. माझी चूक नाय, पर जिम्मेदारी माझीच हाय."

"तोंड कुठं का असेना, हवालदार. एडका आहे ना?"

 ह्यांच्या गालावरून पाणी घळाघळा यायला लागलं आणि सलामातला हात खाली घेता येईना, म्हणून प्रेरणानं मेंदीच्या बोटांनी ते पुसलं. मलाही हुंदका आला. खोटं कशाला बोलू?

"पर साहेब, बोधवाक्य..." वाजंत्र्यानं अजून आशा सोडली नव्हती.

"ते माझ्या आधीच्या साहेबांनी निवडलं," कर्नलसाहेब म्हणाले. "त्यांनी एडका फक्त ताटात पाहिला होता. या बाई म्हणतात तेच खरं." मग माझ्याकडे वळले. "हुकूम तुम्ही दिलात ना? उलटं चालायचा? मग बघत काय उभे राहिलात सगळे? नवरदेव उन्हात आहे!"

कृष्णानं कोट सरळ घातला आणि बँड देवळाकडे धावला. अशी मिरवणूक गंगापूर रस्त्यानं कधी पाहिली नसेल. घोड्यावर अभय, त्याच्यासमोर सगळा बँड त्याच्याकडे तोंड करून, आणि मांडवाच्या दिशेनं अख्खी एडक्यांची पलटण चालून येतेय. धोंडिबामामांना तर स्वर्ग दोन बोटं उरला. सगळा बँड आपल्याच मानापोटी पाठ न दाखवता चाललाय असं त्यांना वाटलं. "ह्याला म्हणतेत मान!" ते प्रत्येकाला सांगत होते. लगाम केव्हाच सोडून दिला होता.

अडचण एवढीच होती की बँडवाल्यांना रस्ता दिसत नव्हता. हे मांडवाकडं तोंड करून पुढं चालत वाट दाखवत होते. "डावीकडं!" म्हणून ओरडले ते स्वतःच्या डावीकडं. बँड आपापल्या डावीकडं वळला आणि अर्धा ताफा रसवंतीच्या बाकड्यांवर जाऊन बसला. एका ताशात उसाचा रस गेला. "उजवीकडं!" म्हटलं तर ढोलवाला भेळेच्या गाडीला टेकला. शेवटी आक्काबाईंनी लेकाला बाजूला ढकललं, पदर खोचला, एक फांदी घेतली, आणि मेंढरं वळवताना करतात तसं जिभेनं टकटक करत "हुर्र्र, हुर्र्र" सुरू केलं. काय आश्चर्य, सगळा बँड नीट एका कळपात आला आणि फाटकातून सरळ आत शिरला. कर्नलसाहेब फाटकाशी उभे राहून सलाम घेत होते. बन्सीनं सलामाला हात उचलल्यामुळं गाण्यातला एक तुकडा गळला, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

गुरुजींनी घड्याळ बघत मंगलाष्टकं इतक्या भरभर म्हटली की शेवटचं कडवं आणि 'वाजवा रे वाजवा' एकमेकांत मिसळलं. पण लग्न मुहूर्तावर लागलं. धोंडिबामामांना जिलबी पहिली वाढली. साहेबांनी पंगतीत आक्काबाईंच्या शेजारी बसून एडक्याच्या खुरकुतीवर काय करतात ते सगळं विचारून घेतलं.

ऊन उतरलं तशी पाठवणीची वेळ आली. कार्यालयासमोर फुलं लावलेली गाडी उभी होती. पुढं बँड वाजवत कोपऱ्यापर्यंत जाणार, मागं गाडी, अशी पद्धत. प्रेरणा माझ्या गळ्यात पडली, आक्काबाईंच्या पडली, आणि मग बापापाशी जाऊन उभी राहिली.  ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. शेवटी अभयनं तिला हळूच गाडीत बसवलं.

बन्सी जवळ आला. दिवसभर उलटं चालून त्याच्या टाचा सोलल्या होत्या. "साहेब, आता पण उलटं चालायचं का?"

"नाय," हे म्हणाले. "सरळ चाल."

मी दचकून बघितलं. "अवो, सरळ चालले तर एडका मागं बघंल."

"बघू दे, रत्ना. लेक चालली. तिच्याबरूबर जाऊन मागं बघणारं कुणी तरी पायजे ना."

बँड निघाला. पुढं लाल कोट, मागं गाडी, आणि प्रत्येकाच्या दंडावरून एडका आमच्याकडे बघत दूर चालला होता. गाडीच्या मागच्या काचेतून प्रेरणाही बघत होती. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यातलं एकही तोंड फिरलं नाही. मग आमचे हवालदार भर रस्त्यात, साहेबांसमोर, मोठ्यानं रडायला लागले, आणि मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.